पहिला भाग स्वतःचा

ओळखीचा माणूस रस्त्यात शेजारच्या गाडीत दिसला, तर आपण हसून हात हलवतो. पण पुढच्या प्रत्येक थांब्यावर तोच दिसला, तर करायचं काय? लॉस एंजेलिसच्या इसा रे हिने एवढ्याशा अवघडलेपणावर एक प्रसंग रचला आणि २०११ मध्ये ‘द मिसॲडव्हेंचर्स ऑफ ऑकवर्ड ब्लॅक गर्ल’ ही मालिका यूट्यूबवर सुरू केली. लेखन तिचं, मुख्य भूमिकाही तिचीच. पुढच्या भागांसाठी प्रेक्षकांनीच वर्गणी दिली, ५६ हजार डॉलरहून जास्त. २०१६ मध्ये एचबीओ वाहिनीवर तिची ‘इनसिक्युअर’ ही मालिका आली. नवोदितांनो, विषय जवळचा घ्या, पात्रं मोजकी ठेवा आणि पहिला भाग पुरा करून लोकांपुढे मांडा. दुसऱ्यात काय सुधारायचं, ते प्रेक्षकच सांगतील.