वडाच्या नावाचे शहर



वडोदरा हे नाव वडावरून आले, हे येथील प्रत्येक मुलास ठाऊक असते. इ. स. ८१२ च्या राष्ट्रकूट ताम्रपटात या गावाचा उल्लेख ‘वटपद्रक’ असा येतो. सयाजीरावमहाराजांच्या कारकिर्दीत, १८७९ मध्ये, विश्वामित्रीच्या काठी बाग उभी राहिली. तिचा अभिमान आपण आजही बाळगतो. परंतु बागेतील वृक्षाला माळी असतो. रस्त्यावरील वृक्षाला कोण असते? त्याची गाठ पडते ती केबलसाठी चर खणणाऱ्यांशी, तारांखातर एकाच बाजूच्या फांद्या तोडणाऱ्यांशी आणि खिळे ठोकून शिकवणीवर्गांच्या पाट्या लावणाऱ्यांशी. (या शेवटच्या मंडळींत आमचे काही व्यवसायबंधूही आहेत, हे खेदाने नमूद करतो.) वडाच्या पारंब्या वाहनांच्या आड येतात म्हणून छाटल्या जातात, वास्तविक जमिनीला टेकल्यावर त्याच त्याचे खांब व्हायच्या असतात.

रोप लावण्याचा समारंभ आपणांस उत्तम साधतो. पुढे त्याभोवतीची लोखंडी जाळी काढण्याचे मात्र कुणास सुचत नाही, आणि खोड वाढले की ती सालीत रुतते.

सर्वांत मोठा घात सिमेंटचा. पाणी शोषणारी बारीक मुळे बहुतांशी जमिनीच्या वरच्या थरातच पसरतात. त्यांना पाण्याइतकीच हवाही लागते. बुंध्यापर्यंत फरशी आली की दोन्ही तुटतात. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये दिल्लीपुरता आदेश दिला, की झाडाभोवती एक मीटर जागा काँक्रीटमुक्त करावी, पाट्या व तारा उतरवाव्यात. मोठ्या वडाला एक मीटर म्हणजे काहीच नव्हे. पण आपल्या गल्ल्यांत तेवढेही आळे दिसत नाही.

हे मी कोणत्या तोंडाने सांगावे? आमच्या दारासमोर तीन कडुनिंब होते. पदपथाची फरशी थेट त्यांच्या बुंध्याला भिडवली गेली, तेव्हा चिखल गेला म्हणून सर्वांत अधिक आनंद मलाच झाला होता. कामगारांना चहा दिला, तोही मीच. काही वर्षांनी आषाढातल्या एका रात्री मधला कडुनिंब मुळासकट आडवा झाला. एका बाजूची जाड मुळे पूर्वीच कोणत्याशा चरात तोडलेली निघाली. उरलेली फरशीखाली कुजली होती.

बाकीच्या दोघांभोवतीची फरशी आम्ही शेजाऱ्यांनी अर्ज देऊन, हेलपाटे घालून उखडून घेतली. आता पावसाळ्यात दारात चिखल होतो, आणि सौभाग्यवतींची त्याबद्दल रोज तक्रार असते.