मागणीपत्रात राहून गेलेले कलम



कामगार संघटनेचा माणूस व्याख्यानाला उभा राहिला की तो मजुरीवर आणि बोनसवर बोलणार, असे श्रोते धरून चालतात. आज आम्ही आमच्याच एका चुकीवर बोलणार आहोत. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि वाचनालयात अधिक झाले. तेव्हा पांडित्याची अपेक्षा आपण ठेवू नये.

आपल्या अर्धापूरची केळी दूरदूर जातात. घड कापायचे, वाहायचे, गाडी भरायची, हे सारे टोळीचे काम. काही वर्षांपूर्वी अशा एका टोळीत एक तरुण होता. कामाला वाघ, पण चालणे-बोलणे बायकी, म्हणून टोळीने त्याला नाव पाडले. नावाची थट्टा झाली, थट्टेची धक्काबुक्की झाली, आणि शेवटी त्याच्याजवळ बसून कोणी भाकरी खाईना. त्याने आम्हांला गाठून एवढेच म्हटले, "भाऊ, माझी टोळी बदलून द्या." आम्ही म्हणालो, "अरे, मनावर घेऊ नकोस." महिन्याभरात तो गाव सोडून गेला. त्याची मजुरी बुडाली असती तर आम्ही मोर्चा काढला असता. इथे माणूसच बुडाला, आणि आमच्या दप्तरात त्याची साधी नोंद नाही.

ही सारी परदेशी थेरे आहेत, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. वस्तुस्थिती उलट आहे. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरविणारे ३७७ कलम इंग्रजांनी १८६० च्या दंडसंहितेत घातले. परके होते ते कलम. माणसे इथलीच होती. र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकाकडे मराठी वाचक आपल्या अडचणी लिहून पाठवीत. त्यांत समलिंगी संबंधांविषयीही विचारणा असे. वाचकांना दिलेल्या उत्तरांवरून १९३४ साली कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला चालला, तेव्हा त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पण ज्याच्या बाजूला कोणी नाही त्याच्या बाजूला कसे उभे राहावे, हे बाबासाहेबांनी दाखवून दिले.

पुढे या माणसांनी स्वतःची संघटना केली. मुंबईत १९९४ साली हमसफर ट्रस्ट निघाला, पुण्यात २००२ साली समपथिक ट्रस्ट. २००९ साली दिल्ली उच्च न्यायालयात मिळालेला विजय २०१३ साली सर्वोच्च न्यायालयात गेला. लढणारे घरी बसले नाहीत. २०१४ साली तृतीयपंथीयांना नागरिक म्हणून ओळख देणारा निकाल आला आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी दोन सज्ञान माणसांचे राजीखुशीचे नाते गुन्हा राहिले नाही. विवाहाची मागणी मात्र २०२३ साली फेटाळली गेली.

अण्णासाहेब पाटलांनी माथाडी कामगार आधी उभे केले. कायदा मागाहून, १९६९ साली आला. म्हणून तो कायदा मोंढ्यात पोचवायला माणसे होती. आमच्याकडे उलटे झाले. निकाल दिल्लीत लागला, पण तो टोळीपर्यंत पोचवायला कोणी नव्हते. २०१७ साली कोची मेट्रोने तृतीयपंथीयांना नोकऱ्या दिल्या. काहींना त्या सोडाव्या लागल्या, कारण राहायला खोली कोणी देईना!

गावाने मनावर घेतले तर काय होते, तेही पाहा. जळगाव जिल्ह्यातील भादली बुद्रुकच्या अंजली पाटील या तृतीयपंथी. महिलांसाठी राखीव जागेवर त्यांनी भरलेला अर्ज फेटाळला गेला. जानेवारी २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तो मान्य केला. पण खंडपीठ अर्ज मान्य करील. मते थोडीच देईल? मते गावाने दिली आणि त्या ग्रामपंचायतीवर निवडून आल्या.

आमचे सहकारी विचारतात, यात कामगार संघटनेचा काय संबंध? १९८४-८५ मध्ये विलायतेत खाणकामगारांचा वर्षभर संप चालला. लंडनच्या समलिंगी स्त्रीपुरुषांनी डबे फिरवून वेल्समधील संपकऱ्यांसाठी पैसा जमविला. संप फसला, पण खाणकामगार ते विसरले नाहीत. १९८५ च्या जूनमध्ये ते आपले निशाण घेऊन त्यांच्या मिरवणुकीच्या अग्रभागी चालले आणि त्याच वर्षी मजूर पक्षाच्या अधिवेशनात समान हक्कांच्या ठरावाला त्यांच्या संघटनेने पाठिंबा दिला. संबंध आहे तो हा: आज मी तुझ्यासाठी, उद्या तू माझ्यासाठी. संघटना याहून निराळी काय असते?

तेव्हा आमची मागणी मालकाकडे नाही, आपणांकडे आहे. टोळीत कोणाची अशी विटंबना झाली तर ती तक्रार मजुरीच्या तक्रारीइतकीच गंभीर धरावी. आमच्या मागणीपत्रात हे कलम राहून गेले होते, ते आम्ही घालीत आहोत. ज्यांच्याकडे भाड्याची खोली आहे त्यांनी भाडेकरूचे भाडे पाहावे, चाल पाहू नये. आणि आईबापांनी आपल्या लेकराला घराबाहेर काढू नये. बाहेरचे जग ते काम पुरेसे करते.

तो तरुण परत येईल की नाही, आम्हांस ठाऊक नाही. पण त्याच्यासारखा पुढचा जो येईल त्याला टोळी बदलून मागण्याची पाळी येऊ नये. बदलायचे आहे ते टोळीने, आणि टोळीच्या पुढाऱ्यांनी.