पायातली गुठळी
(रौप्यमहोत्सवी आरोग्य मेळाव्यातील भाषण)

२५ वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा जिने धावत चढायचो. आता कट्ट्यावर गुडघे बदलण्याच्या गप्पा चालतात. म्हणून सभासद आणि डॉक्टर या दोन्ही नात्यांनी मी आज रक्ताच्या गुठळीबद्दल बोलणार आहे.

जखमेवर रक्त गोठतं म्हणून आपण वाचतो. तेच रक्त शिरेच्या आत गोठलं तर घात होतो. त्याची मूळ कारणं तीन : रक्ताचा वेग मंदावणं, शिरेच्या अस्तराला इजा होणं आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणं. जर्मन डॉक्टर रुडॉल्फ फिर्खो यांच्या नावाने ही त्रयी ओळखली जाते.

खुब्याचं किंवा गुडघ्याचं ऑपरेशन, अंथरुणाला खिळणं, ४ तासांहून जास्त बसून प्रवास, कॅन्सर, गरोदरपण-बाळंतपण, काही गर्भनिरोधक गोळ्या, लठ्ठपणा, वाढतं वय, पूर्वी झालेली गुठळी. यातली दोन-तीन एकत्र आली की धोका आणखी वाढतो.

एकच पाय सुजला, पोटरी दुखते, गरम लागते? मग तेल लावून चोळत बसू नका. गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. अचानक धाप लागली, छातीत दुखलं, तर लगेच १०८ ला फोन करा.

रक्त पातळ करणारी गोळी मनाने बंद करू नका. ऑपरेशननंतर डॉक्टर सांगतील तसं चाला. शेजाऱ्यांनो, त्यांना सोबत करा.