यकृतका आणि शेतातले तण



पावसाळ्यात विहिरीच्या काठावर, ओल्या कातळावर चपटे हिरवे पापुद्रे पसरलेले दिसतात. आपण त्यांना शेवाळ म्हणून मोकळे होतो. त्यांपैकी पुष्कळ यकृतका असतात. त्यांना खरी मुळे नाहीत, फूल नाही, बी नाही. परंतु बहुतेकींच्या पेशींत सूक्ष्म तैलपिंड असतात, आणि त्यांत नाना उग्र, कडू द्रव्ये साठविलेली असतात. या दुबळ्या जातीची ढालतलवार तीच.

रॅड्युला नावाच्या यकृतकांत रॅड्युलॅनिन-ए हे द्रव्य सापडते. रसायनशास्त्रज्ञांनी ते प्रयोगशाळेत तयार केले, तेव्हा ते वनस्पतींना मारक असल्याचे कळले. ते मारते कसे, याचा उलगडा फ्रेंच संशोधकांनी २०२३ साली प्रसिद्ध केला. उन्हाच्या बळावर पान अन्न तयार करते, त्या वेळी इलेक्ट्रॉन हातोहात पुढे दिले जातात. त्यांतील एका वाहकाची बसावयाची जागाच हे द्रव्य अडविते. साखळी तुटते, आणि पेशी मरतात.

आता मौज अशी, की डाययुरॉन हे कारखान्यातले जुने तणनाशकही नेमकी हीच जागा अडविते! मग ‘वनस्पतिजन्य म्हणून निर्धोक’ हे म्हणणे कसे टिकावे? ती जागा तणाच्या पानात आहे, तशी ज्वारीच्या पानातही आहे. शिवाय रॅड्युलॅनिनची मात्रा डाययुरॉनहून पुष्कळ अधिक लागते. त्याच ठिकाणी घाव घालणाऱ्या सिमाझिनला न जुमानणाऱ्या तणाची नोंद तर अमेरिकेत १९७० सालीच झाली आहे.

मग हा सारा खटाटोप व्यर्थ काय? मुळीच नाही. कॅलिफोर्नियात १९७७ साली बॉटलब्रशच्या झाडाखाली तण फारसे उगवत नाही, असे एका शास्त्रज्ञाच्या ध्यानी आले. त्या झाडातले द्रव्य दुबळे निघाले. पण त्याच्या धर्तीवर पुढे मेसोट्रायोन घडले आणि २००१ पासून ते मक्याच्या शेतात वापरात आले. निसर्गाने नमुना दिला. त्याला कामाचे रूप माणसाने दिले.

रॅड्युलॅनिन अद्याप प्रयोगशाळेतच आहे. उद्या अशी एखादी बाटली बाजारात आली, तर तीवरील हिरवे पान पाहून भुलू नका. हे तण मारते, पण पीक राखते काय? मातीत किती दिवस टिकते? विहिरीच्या पाण्यात उतरते काय? खुरपणीची मजुरी वाचविण्यासाठी पदरचे पैसे मोजणाऱ्या शेतकऱ्याला हे विचारण्याचा पुरा अधिकार आहे.