कुणाचा तरी बाप

अमेरिकेतल्या एका जुन्या धर्मपंडितांची आज ओळख करून घेऊ. जोनाथन एडवर्ड्‌स, धाकटे. याच नावाचे त्यांचे वडील मोठे धर्मचिंतक, शेवटी प्रिन्स्टनच्या कॉलेजचे अध्यक्ष. थोरल्यांच्या कीर्तीत धाकटे झाकले गेले.

त्यांचा जन्म १७४५चा. ते सहा वर्षांचे असताना वडील मॅसॅच्युसेट्समधल्या स्टॉकब्रिज गावी धर्मोपदेशक म्हणून गेले. तिथे वस्ती मोहिकनांची, म्हणजे त्या भूमीच्या मूळ रहिवाशांची. शाळासोबती मोहिकन, खेळगडी मोहिकन. घराबाहेर इंग्रजी क्वचितच कानी पडे. काही वस्तूंची नावे आपल्याला मोहिकनमध्येच ठाऊक होती, मनातले विचारही त्याच भाषेत चालत, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले.

१७५८ साली आईवडील दोघेही गेले. पोरका मुलगा शिकला, न्यू हेवनला पाद्री झाला. १७८८ मध्ये त्यांनी मोहिकन भाषेवर छोटेसे पुस्तक काढले. दूरदूरच्या जमातींच्या बोली एकाच कुळातल्या आहेत, हे त्यात त्यांनी उदाहरणांनिशी दाखवले. त्यातली एक नोंद माझ्या मनात घर करून आहे. मोहिकनमध्ये नुसते ‘बाप’ म्हणता येत नाही. माझा बाप, तुझा बाप, त्याचा बाप, असेच म्हणावे लागते. बाप हा कुणाचा तरी असतोच.

आता दुसरी बाजू पाहा. थोरल्यांच्या घरी गुलाम होते. १७३१ मध्ये त्यांनी व्हीनस नावाची मुलगी ८० पौंडांना विकत घेतली होती. गुलामांच्या बाजारात माणूस कुणाचा मुलगा नसतो, कुणाची बहीण नसते. त्याला फक्त मालक असतो.

त्याच घरात वाढलेल्या धाकट्यांनी १७९१ मध्ये न्यू हेवनला गुलामगिरीविरुद्ध प्रवचन दिले. लोकांनी आपल्याशी जसे वागावे असे वाटते, तसेच आपण त्यांच्याशी वागावे, हे ख्रिस्तवचन त्यांनी आधाराला घेतले. गुलाम ठेवणारा माणूस रोज त्याच्या स्वातंत्र्याची चोरी करतो, असे त्यांनी बजावले. समोर बसलेल्यांना हे ऐकणे सोपे गेले नसेल.

मोहिकन भाषेमुळेच त्यांना ही दृष्टी आली, असा दावा मी करणार नाही. धर्मग्रंथ होता, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाचे वारेही होते. पण ज्याने लहानपणी परक्यांच्या भाषेत स्वप्ने पाहिली, त्याला परका माणूस वस्तू वाटणे अवघडच.

१७९९ मध्ये ते न्यूयॉर्क राज्यातल्या युनियन कॉलेजचे अध्यक्ष झाले आणि १८०१ मध्ये वारले. त्यांच्या कनेक्टिकटमधली गुलामगिरी पुरती संपायला १८४८ साल उजाडले. मोहिकनांना तर त्यांच्या हयातीतच स्टॉकब्रिज सोडावे लागले. एका प्रवचनाने, एका पुस्तकाने जग बदलत नाही.

तरीही शेजाऱ्याची भाषा शिकावी. निदान त्याच्या आईला, बापाला तो काय म्हणतो, एवढे तरी विचारावे. ज्याच्या घरची नाती आपल्याला ठाऊक असतात, त्याच्यावर हात उगारताना मन कचरते.