ठिपके भरणारे हात



माझ्यासारख्या माणसाने या व्यासपीठावर कामगार कायद्यावर बोलावे, अशी आपली अपेक्षा असणार. व्हिडिओ गेममधल्या अद्भुत सृष्टीच्या चित्रकारांवर बोलणार म्हणून मी कळवले, तेव्हा चिटणीसही क्षणभर गप्प झाले. हे खेळ मला एकदाही धड खेळता आलेले नाहीत, हे आधीच कबूल करतो. या विषयाकडे मी आलो तो मागाच्या वाटेने.

गेल्या वर्षी आमच्या युनियनच्या कचेरीत एक यंत्रमाग कामगार आपल्या मुलीला घेऊन आला. पोरगी बारावी झालेली. तिला गेममधले जादूगार, राक्षस, उडती जहाजे काढायची होती. बाप म्हणाला, "अण्णा, हिला चार शब्द सांगा. असल्या चित्रांनी पोट भरतं का?" मीही नेहमीच्या सवयीने सांगायला बसलो. तेवढ्यात तिने पिशवीतून एक वही काढून माझ्यापुढे ठेवली. चौकटीचा कागद, आणि त्यातले एकेक घर रंगवून उभा केलेला बोटभर उंचीचा योद्धा. मी बोलायचा थांबलो. तो कागद माझ्या ओळखीचा होता.

सातवीनंतर शाळा सुटली आणि मी चादरीच्या कारखान्यात लागलो. सोलापुरी चादरीवरचा मोर आपण सर्वांनीच पांघरलेला आहे. तो मोर चित्रकार आधी मोकळ्या हाताने काढतो. मग दुसरा माणूस तो चौकटीच्या कागदावर उतरवतो. तिथे एक घर म्हणजे ताण्याची आणि बाण्याची एक भेट. त्या कागदावरून पुठ्ठ्यांना भोके पाडायची, पुठ्ठ्यांची माळ जेकार्डवर चढवायची. भोक असेल तिथे धागा उचलला जातो. आता मोराची मान गोल आणि घरे चौकोनी! ती गोलाई पायऱ्यापायऱ्यांनी अशी उतरवायची की लांबून पाहणाऱ्याला पायऱ्या दिसू नयेत. एक घर चुकले की मोराचा डोळा गेला. ज्या म्हाताऱ्या कारागिराच्या हाताखाली मी पुठ्ठे ओवले, त्याचे नाव चादरीवर कधी आले नाही. चिठ्ठी कारखान्याची असे.

त्या पोरीने मला जपानमधली अशीच एक जोडी सांगितली. मग मी मिळेल ते वाचले.

योशिताका अमानो हा १९५२ साली शिझुओका येथे जन्मला. पंधराव्या वर्षी तो तात्सुनोको या व्यंगचित्रपट काढणाऱ्या कंपनीत कामाला लागला. म्हणजे तोही आमच्यासारखा लहानपणीच कारखान्यात गेलेला. पंधराएक वर्षे त्याने तिथे पात्रे घडवली आणि १९८२ मध्ये बाहेर पडून स्वतंत्र धंदा मांडला. पुस्तकांसाठी त्याने काढलेली चित्रे पाहावीत: केसासारखी बारीक रेघ, पाण्यात विरघळल्यासारखे रंग, वाऱ्यावर उडणारी वस्त्रे. १९८७ च्या डिसेंबरात स्क्वेअर कंपनीचा 'फायनल फँटसी' हा खेळ निघाला, त्याची चित्रे अमानोची.

पण हा खेळ चालायचा कशावर? फॅमिकॉम नावाच्या यंत्रावर. सबंध खेळ २५६ किलोबाइटांत बसवलेला. आपल्या खिशातल्या फोनने काढलेले एक छायाचित्र सहज त्याच्या दसपट जागा खाते. नकाशावर चालणाऱ्या वीराला रुंदीत १६ आणि उंचीत १६ ठिपके, म्हणजे एकूण २५६. लढाईच्या पडद्यावर १६ गुणिले २४. आणि एका तुकड्यात रंग तीन. चौथे घर पारदर्शक. अमानोच्या एका झग्याच्या घडीतसुद्धा तीनापेक्षा अधिक छटा असतात!

तो झगा या ठिपक्यांत बसवला काझुको शिबुया या बाईंनी. त्या १९८६ मध्ये स्क्वेअरमध्ये आल्या. पहिल्या सहा खेळांतील पात्रांचे ठिपके मुख्यतः त्यांच्या हातचे. काय ठेवायचे आणि काय टाकायचे, हा त्यांचा खरा धंदा. पहिल्या खेळातला काळा जादूगार बघा: त्याला चेहराच नाही. मोठी टोपी, तिच्याखाली अंधार आणि अंधारात दोन डोळे. नाक, ओठ, हनुवटी यांना घरे उरत नव्हती. पण त्या अंधारामुळेच तो जगभरच्या पोरांच्या लक्षात राहिला. मला त्या जागी मोराचा डोळा आठवतो.

१९९० मध्ये नवे यंत्र आले आणि एका पात्राला पंधरा रंग मिळाले. सहावा खेळ १९९४ चा. त्यातली पात्रे मान खाली घालतात, हसतात, दचकून हात वर करतात, बोट नाचवून नकार देतात; आणि उंची तीच, २४ ठिपके. मग १९९७ च्या सातव्या खेळापासून घनाकृती चित्रांचा जमाना आला. पात्रे घडवण्याचे काम तेत्सुया नोमुरा या तरुणाकडे गेले, तरी अमानोची बोधचिन्हे चालू राहिली. ठिपक्यांचे काम मात्र आटले. हातमागाचे जे झाले तेच. पुढे फोनच्या लहान पडद्यांनी आणि जुन्या खेळाडूंच्या ओढीने ते परतले. २०२१-२२ मध्ये पहिले सहा खेळ पुन्हा काढले, तेव्हा पात्रांचे ठिपके भरायला शिबुयाबाईंनाच बसवले. त्याआधी, २०१८ मध्ये, त्यांच्या ठिपक्यांचे पुस्तकही निघाले होते. पहिल्या खेळानंतर एकतीस वर्षांनी! ऐंशीच्या दशकात तिकडच्या कित्येक कंपन्यांत तर कारागिरांची खरी नावेही खेळात येत नसत; दुसरा मालक माणूस पळवील म्हणून टोपणनावे घालत.

अमानोला मी कमी लेखत नाही. त्याच्या रेघेवाचून ठिपक्यांना रूप आले नसते. माझे म्हणणे एवढेच की ती पोरगी ज्या धंद्यात शिरते आहे, तिथे अमानो एखादाच होतो आणि ठिपके भरणारे शेकडो. त्या शेकडोंना आता जाग येत आहे. जानेवारी २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या खेळ विभागातून १९०० जणांना काढण्याचे जाहीर केले. त्याच कंपनीच्या छत्राखाली 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा खेळ करणाऱ्या पाचशेहून अधिक लोकांनी त्याच वर्षी जुलैत अमेरिकेत युनियन बांधली. त्यात चित्रकारही आहेत. राक्षस काढणाराही कामगारच, हे त्यांना आमच्या व्याख्यानांवाचून समजले.

मी त्या बापाला सांगितले, पोरीला शिकू दे. सध्या ती दिवसा एका ठिकाणी संगणकावर चादरींची डिझाइने बसवते आणि रात्री आपले योद्धे काढते. मध्यंतरी एका कंपनीने 'चाचणी' म्हणून तिच्याकडून तीस पात्रे काढून घेतली आणि नंतर ना नोकरी, ना पैसा. तिला वाटले आपलेच काम कमी पडले. मी वही मागवली. प्रत्येक पात्र १६ गुणिले २४, म्हणजे ३८४ घरे. तिसांची झाली ११,५२०. आमच्याकडे नगावर मजुरी मागतात त्याच नमुन्याचे पत्र मी लिहिले, घरांचा आकडा घातला आणि खाली तिची सही घेतली. सही करताना तिचा हात थोडा कापत होता. पहिल्या पत्राला उत्तर आले नाही. दुसरे परवाच पोस्टाने पाठवले आहे.