आधी मागणी, मग छपाई

कुणी भाकरी थापत असेल, कुणी धान्य निवडत असेल. हात चालू द्या, कान तेवढे इकडे द्या. आजचा विषय आहे छापील वस्तूंची ऑनलाइन विक्री. कापडी पिशवी, कप, टी-शर्ट यांवर आपलं चित्र छापायचं आणि मोबाइलवरून विकायचं. यात माल आधी छापून ठेवत नाहीत. गिऱ्हाइकाची मागणी आली की तेवढाच नग छापतात, आणि छापणारी कंपनीच तो त्याच्या पत्त्यावर पाठवते. याला 'प्रिंट ऑन डिमांड' म्हणतात.

आम्ही याच्याकडे का वळलो, ते आधी सांगते. दोन वर्षांपूर्वी संक्रांतीच्या वाणासाठी आमच्या गटाने २०० पिशव्या छापून घेतल्या. एक पिशवी ७० रुपयांना, म्हणजे १४,००० रुपये. अंतर्गत कर्ज काढलं. हौसेने पिशवीवर सालही छापलं. रथसप्तमी झाली, हळदी-कुंकवं संपली आणि ६३ पिशव्या माझ्या घरी पडून राहिल्या. गेल्या सालाची पिशवी कोण घेणार? ४,४१० रुपये अडकले. २०० हा आकडा मीच सांगितला होता, कुणाला न विचारता. पुढच्या बैठकीत दोघी माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि त्यांचं चुकलं नव्हतं.

मागणीनंतर छपाई असेल तर असा माल पडून राहत नाही. पण भांडवल कमी लागतं म्हणजे हिशोब नको, असं समजू नका. हिशोब इथे जास्तच लागतो.

समजा, पिशवी आणि छपाई मिळून कंपनी १६० रुपये घेते, घरपोच पाठवायचे ६० रुपये. झाले २२०. आपण २९९ ला विकली. पैसे जमा करून देणाऱ्या सेवेचे १० रुपये गेले. उरले ६९. आता दहा पिशव्या पाठवल्या आणि एक परत आली. नऊ पिशव्यांचे ६२१ रुपये मिळाले, पण परत आलेलीचे २२० अंगावर पडले. हातात राहिले ४०१. म्हणजे ६९ वाटले होते, पिशवीमागे सुटले ४०. हे आकडे रीत समजावी म्हणून घेतलेत. तुमच्या कंपनीचे दर विचारा, आणि माल परत आला तर खर्च कुणाचा, हे लिहून घ्या. घरी माल आल्यावर पैसे द्यायची सोय ठेवली, की माल परत येण्याचा धोका वाढतो. सुरुवातीला पैसे आधीच घ्या.

आता चित्राचं. मोबाइलवर सापडलेलं चित्र उचलून छापायचं नाही. कार्टूनमधलं पात्र, सिनेमाच्या हिरोचा फोटो, दुसऱ्या कंपनीचं चिन्ह, काहीच नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्रावर ते काढणाऱ्याचा हक्क असतो, आणि तो चित्रकाराच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं राहतो. वारली चित्रांचंही तसंच जपून. त्या चित्रकलेला भौगोलिक मानांकन आहे. ती वारली समाजाची ओळख आहे, लग्नघरी चौक लिहिणाऱ्या बायकांनी जपलेली. आपण तिथल्या नसू, तर ती 'आमची कला' म्हणून विकू नये.

मग आपल्याकडे काय आहे? आमच्या गटात एक आजी आहेत. चैत्रात अंगणात चैत्रांगण काढतात. पाळण्यातली गौर, सूर्य-चंद्र, शंख, कासव, गाईची पावलं. आम्ही त्यांच्याकडून ते कागदावर काळ्या शाईने काढून घेतलं. बैठकीत सगळ्यांना आवडलं. तेवढ्यात आजी म्हणाल्या, "माझं चित्र विकणार, मग मला काय?"

सगळ्या गप्प. एक जण म्हणाली, "आजी, रांगोळी तर सगळ्यांनाच येते." आजी म्हणाल्या, "येते ना? मग काढ की तू." कुणी उठलं नाही.

मैत्रिणींनो, त्या दिवशी मला माझीच लाज वाटली. बाईच्या हातचं काम फुकटचं असं घरात धरतात, म्हणून आपण गटात आलो. आणि गटात आम्ही तेच करत होतो. आम्ही ठराव केला : विकल्या गेलेल्या प्रत्येक पिशवीमागे आजींना १५ रुपये, आणि पिशवीसोबतच्या चिठ्ठीवर त्यांचं नाव. ठराव वहीत लिहिलं, सगळ्यांनी सह्या केल्या. मघाच्या हिशोबात नऊ पिशव्यांचे १३५ आजींचे, गटाला २६६. आता गटाचा वाटा कमी झाला म्हणून कुणी कुरकुरत नाही. चित्र नसेल तर पिशवी कोरीच आहे, हे पटलंय.

चित्र कागदावरून मोबाइलमध्ये घेताना उजेडात, सावली न पडू देता फोटो काढा. तालुक्याला स्कॅन करून मिळालं तर उत्तमच. छपाईसाठी साधारणपणे एका इंचात ३०० ठिपके लागतात. ठिपक्यांच्या रांगोळीसारखंच आहे, ठिपके विरळ झाले की चित्र फाटतं. व्हॉट्सअॅपवरून फोटो म्हणून पाठवलेलं चित्र लहान होतं, ते 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. मोबाइलवर दिसणारा रंग कापडावर तसाच येत नाही. म्हणून पहिला नग स्वतः मागवा, दोनदा धुवा, मगच विकायला ठेवा.

आता कागदपत्रं. विक्रीचे पैसे गटाच्या बँक खात्यातच आले पाहिजेत. कुणाच्या मालकाच्या, भाच्याच्या खात्यात नाहीत. मुलं मोबाइल शिकवतील, शिकवू द्या, पण पासवर्ड गटातल्या दोघींनाच माहीत असू द्या. कंपनी दुसऱ्या राज्यातून माल पाठवणार असेल तर जीएसटी नोंदणीचा प्रश्न येतो. सुरू करण्याआधी कर सल्लागाराला विचारा.

आणि एक पक्कं लक्षात ठेवा. पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. "मोठी ऑर्डर द्यायचीय, पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करा" असा फोन आला तर ठेवून द्या. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या नंबरवर तक्रार करा.

आमची विक्री अजून थोडी आहे. कुठल्या महिन्यात वीस पिशव्या, कुठल्या महिन्यात चारच. यावर घर चालत नाही, हे खरं सांगते. पण कर्ज नाही, आणि पडून राहिलेला माल नाही. त्या ६३ पिशव्यांची आम्ही साल आत दुमडून उशांची अभ्री शिवली. एक माझ्याही घरी आहे.

तुमच्या पुढच्या बैठकीत एवढंच करा. आपल्यात कुणाच्या हातात काय आहे, ते एकेकीला विचारा. रांगोळी, गोधडीचे टाके, गोंदणाची नक्षी. आणि ज्या बाईचं नाव निघेल, तिचा वाटा किती, ते त्याच दिवशी वहीत लिहा.

भेटू पुढच्या बुधवारी. नमस्कार.